सुनंदाची माघार

१६ नोव्हेंबर, रविवार

दरबार झाला. ठीक ०९००, देवळामागच्या मैदानात, जवानांच्या स्मारकाच्या दगडासमोर. बसण्याची पद्धत नेहमीचीच. कॅप्टनसाहेब खुर्चीत, सुभेदार लोक बाकावर, आम्ही हवालदार-नाईक कट्ट्यावर, शिपाई उभे. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली आणि गुडघे गेले तरी शिपाई उभाच. गावातले जे फौजेत गेले नाहीत त्यांना आम्ही ‘सिव्हिल’ म्हणतो. सिव्हिल दरबाराला येत नाहीत. बायकाही नाहीत.

विषय एकच. सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव. कॅ.सा. म्हणाले, "बाई तर बाई. पण फौजेचीच फॅमिली पायजे." मग रिवाजाप्रमाणे सगळ्यात धाकट्या रँकपासून एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, साहेब ठरवतील ते. शेवटी साहेबांनी ठरवलं, त्यांची सून स्नेहल. साहेब बोलले की पुढे कुणी बोलत नाही. मी वहीत लिहिलं ‘सर्वानुमते’. दरबाराची वही माझ्याकडे असते, कारण मी फौजेत क्लार्क होतो.

या गावात ग्रा.पं.साठी आजवर मतदान झालेलं नाही. कायम बिनविरोध. वेशीवर तसा बोर्ड आहे, त्याखाली पाहुणे उभं राहून फोटो काढतात. आम्हाला अभिमान. मलाही.

घरी सौ. वाल सोलत होती. तिला सांगितलं.
"कुणी ठरवलं?"
"गावानं."
"मी गावात ऱ्हात नाय वाटतं," म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

१८ नोव्हेंबर

वरच्या वाडीची जनाबाई आली, बरोबर चौघी. वरची वाडी गावातच मोडते, पण डोंगरावर, अर्ध्या तासाची चढण. तिथून फौजेत कुणी गेलेलं नाही आणि तिथे नळही गेलेला नाही. टाकीचा पहिला पाइप स्मारकाच्या बागेला, मग आमच्या घरांना. वाडीच्या बायका वर्षभर हंडे घेऊन खालच्या विहिरीवर येतात.

जनाबाई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "सुनंदा, तू उभी ऱ्हा सरपंचाला. आमी हाव."
सौ.नं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ऱ्हाते."

नवल वाटायचं कारण नाही. बावीस वर्षं मी नोकरीवर. घर, शेत, मनीषाची शाळा, तिचं लग्न, माझ्या आईचं आजारपण, सगळं हिनं ओढलं. वाडीतल्या बायकांना तहसीलची वाट हिनंच दाखवली. मी वर्षातून दोन महिन्यांचा पाहुणा, तोसुद्धा आयतं खाणारा.

मी म्हटलं, "सरपंचबाई, चहा मिळेल का?"
"अर्ज करा. बघू."

छान वाटलं. खरंच छान वाटलं. दरबाराचं मनात आलं होतं, ते बाजूला सारलं.

२१ नोव्हेंबर

अर्ज दाखल. कागद मीच तयार केले. आमच्या घरात कागदांची रीत ठरलेली. मी भरायचे, तिची सही पाहिजे तिथे पेन्सिलनं बारीक फुली मारायची, तिनं फुलीवर सही करायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. तेव्हा युनिटमधून टपालानं फॉर्म पाठवायचो, फुली मारून. सही करून परत यायचे. ती सातवी शिकलेली, वाचता झकास येतं, पण म्हणायची, "तुमी वाचलंत ना, झालं." फौजेतल्या बहुतेक घरांत असंच चालतं. निवडणूक प्रतिनिधी म्हणून माझंच नाव घातलं, म्हणजे तिचे कागद मी देऊ शकतो.

पोलादपूरला तहसीलमध्ये जत्रा. टेबलावरच्या पोरानं विचारलं, "कुठल्या गटाकडून?" सौ. म्हणाली, "माज्याकडून." पोरगा गोंधळला.

स्टँडवर वडापाव खाल्ला. निळी साडी, केसांत अबोली. मला म्हणाली, "तुमी आज रजेवर आल्यासारके दिसताय." तेवीस वर्षांची असताना स्टँडवर घ्यायला यायची, ती आठवली.

२४ नोव्हेंबर

कॅ.सा.नी बोलावलं. पडवीत एकटे बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत, मी उभा राहिलो. सवय.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बाबू, लाइन तोडलीस तू."

मी म्हटलं, साहेब, तिचा स्वतःचा विचार आहे. तर म्हणाले, "गावात दोन उमेदवार म्हणजे दोन गट. आज दोन, उद्या चार. मग पार्ट्यावाले घुसणार, दारू येणार, भावाभावांची डोकी फुटणार. बाजूच्या गावांत बघतोस ना? आपलं गाव कशामुळं टिकलंय? डिसिप्लिन." त्यांना हे मनापासून वाटतं. खोटं बोलणारा माणूस नाही.

मग ते बोलले जे मला ऐकायचं नव्हतं. "वर बर्फात तुला पाठीवर घेतला, तवा मी इचारलं व्हतं का, तू कुणाचा?"

तेव्हा ते आमच्या सेक्शनचे हवालदार, मी नवा शिपाई. वादळात माझे पाय गारठून बधिर झाले होते. चौकीपासून खालपर्यंत त्यांनी मला पाठीवर आणलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली, बाकी मी राहिलो. त्यानंतर ऑफिसात बसवलं म्हणून टायपिंग शिकलो, क्लार्क झालो. मनीषा त्यानंतरची. म्हणजे माझं जे काही आहे ते त्या पाठीवरून उतरल्यानंतरचं.

"माघारीची मुदत शुक्रवार, तीनपर्यंत. बघ तू."

"जी साब." तोंडातून आपोआप गेलं.

२५ नोव्हेंबर

सांगितलं नाही. सकाळी सांगणार होतो, तर जनाबाई आली. दोघी ओटीवर वहीच्या कागदावर वाडीच्या वरचा झरा काढत बसल्या. झऱ्यापासून टाकी कुठे, पाइप कुठून. सौ.ला चित्र काढता येत नाही, झाडं सगळी सारखीच काढलीत.

२६ नोव्हेंबर

आजही नाही. तिनं विचारलं, "सभेत बोलताना माईक जवळ धरायचा का लांब?" मी म्हटलं, जवळ. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. ‘माज्या बहिणींनो आणि भावांनो.’ थांबून परत पहिल्यापासून. मी बाहेर जाऊन लाकडं फोडली. गरज नसताना.

तिला सरळ सांगायला हवं होतं. ती नाही म्हणाली असती, भांडली असती. मग मी साहेबांना सांगितलं असतं की ऐकत नाही. त्यात काय होतं एवढं? पण तसं केलं तर साहेबांसमोर जाऊन ‘जमलं नाही’ म्हणावं लागलं असतं. ते मला आयुष्यात कधी म्हणता आलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

झालं.

तीन कागद. एक खर्चाच्या हमीचा, एक मतदान-प्रतिनिधीचा. तिसरा माघारीचा. तिन्हीवर फुली. तांदळाचं पीठ मळत होती. म्हटलं, "सह्या करायच्यात, उद्या द्यायचे." हात धुऊन आली. केल्या. हात नीट पुसले नव्हते, तिसऱ्यावर ओल्या बोटाचा डाग पडला. "चाललं का?" विचारलं.

म्हटलं, चालेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

१४२० ला कागद दिला. साहाय्यकानं विचारलं, "बाईंची स्वतःची इच्छा ना?" होय म्हटलं. त्यानं शिक्का मारला. कॅ.सा.चा फोन, "शाबास बाबू." एस.टी.तून एक थांबा आधीच उतरलो, चालत आलो. पाय दुखत होता, दुखू दिला.

पाचच्या सुमारास जनाबाई तरातरा खाली आली. तहसीलच्या फळ्यावर यादी लागली होती, तिच्या भाच्यानं फोन केला होता. "सुनंदा, तू माघार घेतलीस? आमच्या तोंडाला पानं पुसलीस गो?"

सौ. माझ्याकडे वळली. शांतपणे म्हणाली, "हापिसात चूक झाली आसल ना? दुसऱ्या कुणाचा कागद."

तिनं मला वाट करून दिली होती. हो म्हणालो असतो तर चार दिवस तरी मिळाले असते.

"नाही," म्हटलं. "मी दिला."

"माजी सही?"

"काल केलीस ती."

जनाबाईनं कमरेवरचा हात खाली घेतला. सौ. आत गेली. मला वाटलं रडेल, भांडी आपटेल. तिनं भाकरी केली. ताट वाढलं. "जेवून घ्या" म्हणाली, आणि बाहेर जनाबाईजवळ जाऊन बसली. मी ती भाकरी खाल्ली. का खाल्ली, माहीत नाही. वाढलं होतं म्हणून.

३० नोव्हेंबर

स्नेहल बिनविरोध. मिरवणूक, हार, बँड. वेशीवरच्या बोर्डाला नवा रंग. मी वही घेऊन कट्ट्यावर. ‘सर्वानुमते’ लिहिताना पेन अडलं, शाई होती.

स्नेहल पोर चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. हारांत मान खाली. संध्याकाळी देवळात सौ.ला म्हणाली म्हणे, "काकी, मलापण कुणी इचारलं नाय हो." हे मला सौ.नं नाही सांगितलं, शेजारच्या वहिनींकडून कळलं. सौ. आता मला फक्त कामाचं सांगते. गॅस संपलाय. दूधवाला आला नाही.

५ डिसेंबर

मनीषाचा विरारहून फोन. "पप्पा, आईला काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, अगं, गावाच्या भल्यासाठी. तिनं फोन ठेवला. पप्पा म्हणाली तरी.

९ डिसेंबर

सौ. हल्ली सगळं वाचते. चष्मा लावून ओटीवर बसते. विजेचं बिल, गॅसचं पुस्तक, डाळीच्या पुडीवरचं बारीक छापलेलं. काल माझ्या गोळ्यांच्या पाकिटातली चिठ्ठी पूर्ण वाचली आणि मुकाट्यानं घडी घालून परत ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. लाज वाटली.

१३ डिसेंबर

घरचा नळ तिनं बंद केला. वाडीच्या बायकांबरोबर विहिरीवरून आणते. मी म्हटलं, कंबर धरेल, मी आणतो.
"हुकूम हाय का?"
मी हंड्यावरचा हात काढला.
"नाय ना? मग ऱ्हाऊ द्या."

१७ डिसेंबर

सव्याला गेलो, गरम पाण्याच्या कुंडावर. दर थंडीत जातो, पायासाठी. दरवर्षी ती बरोबर असते. पाय पाण्यात सोडून बसते, डबा उघडते, म्हणते बोटं तुमची आठ आणि माजी धा. आज एकटाच. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, मंडळी नाय आली? म्हटलं, काम आहे. डबाही नव्हता.

तिथे बसून एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. नोकरीत मी तीनदा टपालानं मत दिलं. तीनही वेळा अधिकाऱ्यानं बजावलं होतं की कुणाला देता ते कुणाला सांगू नका, कुणी विचारलं तर माझ्याकडे या. कडक. बावीस वर्षांत फौजेनं मला मत कुणाला द्यायचं ते कधी सांगितलं नाही. रँक बघून माणसाला मत असतं हे मी गावात येऊन शिकलो. आम्हीच आणलं ते, पेटीत घालून, युनिफॉर्मबरोबर.

२२ डिसेंबर

जि.प.ची हवा सुरू. एक उमेदवार आज तीन गाड्या घेऊन वरंधकडून आला. आधी स्मारकाला फूल, मग सॅल्यूट. चुकीचा, डाव्या हाताचा कोपर बाहेर. फोटो. मग साहेबांच्या पडवीत. मी पाण्याचे ग्लास देत होतो.
"साहेब, तुमच्या गावची किती धरायची?"
"पूरी कंपनी," साहेब म्हणाले.
सगळे हसले. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या पक्षाचाही निरोप आला, उद्या येतो म्हणून. त्यालाही फूल, सॅल्यूट, पडवी. कोणी वरच्या वाडीला जात नाही. तिथे दगड नाही ना.

पूर्वी हे बघून छाती फुगायची. आज ग्लास विसळताना मनात आलं, त्या कंपनीत माझी सुनंदापण मोजली. तिला न विचारता परत एकदा.

२९ डिसेंबर

तहसीलला जाऊन विचारलं. अधिकारी भला माणूस. माघार एकदा घेतली की परत घेता येत नाही. फसवून सही घेतली असेल तर कोर्टात जा, तुम्हाला तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. "हवालदार, यात तुम्हीच अडकाल, कळतंय ना?" म्हटलं, कळतंय.

घरी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.
"कोर्टाचे कागद कोण लिवणार?"
"मी."
"आनि सही मी करायची."
परत तांदळाकडे वळली.

४ जानेवारी, रविवार

दरबारात वही परत दिली. कट्ट्यावरून उठून साहेबांच्या पायाशी ठेवली. सगळे बघत राहिले.
"फौजेत राजीनामा नसतो, बाबू."
"ही फौज नाही, साहेब." आवाज बारीक निघाला, पण निघाला.
साहेबांचा चेहरा उतरला. राग नव्हता. म्हातारे दिसले एकदम. म्हणाले, "मी तुला खाली आणला रे." एवढंच. मला तिथेच रडू आलं. सगळ्यांसमोर, शिपायांसमोर. त्यांचं मी देणं लागतो, ते फिटणार नाही. पण ते सुनंदाकडून का फेडलं मी?

घरी सांगितलं की वही सोडली. "बरं केलंत," म्हणाली. पस्तीस-चाळीस दिवसांतलं पहिलं बरं वाक्य. दिवसभर तेच घोळवत होतो.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ दिला तिनं. हातावर ठेवला, बोलली काही नाही. चालेल.

काहीतरी लिहीत असते दुपारी. मी गेलो की कागद उलटा करते. विचारलं नाही. मनाशी ठरवलं, २६ जानेवारीला ग्रामसभा आहे, तिथे उभं राहून मी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. कोर्टबिर्ट नको. जे केलं ते गावासमोर ओकायचं. तिला आधी सांगायचं नाही. तिला बरं वाटेल एकदम ऐकून.

२६ जानेवारी, सोमवार

जमेल तसं लिहितो.

०८०० झेंडा. स्नेहलनं दोरी ओढली, साहेबांनी ऑर्डर दिली. मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. सतरंज्या, एका बाजूला बायका. वरची वाडी यंदा झाडून आलेली. स्नेहल खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत साहेब. ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त वाचलं. म्हणाला, कुणाला काही विचारायचंय?

मी उठलो.

सगळं सांगितलं. कागद, फुली, पोलादपूर, शिक्का. म्हटलं, माघार खोटी आहे, मी फसवून आणली. साहेब म्हणाले, "बाबू, बस." मी बसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बोलून झाल्यावर मागून एका शिपायानं टाळी वाजवली, मग दोघांनी, मग बरेच जण. साहेब काठी टेकत निघून गेले. मला हलकं हलकं वाटलं, अंगावरून पोतं उतरल्यासारखं. मी बायकांच्या बाजूला तिला शोधलं.

ती उभी होती. माझ्या आधीपासूनच उभी असावी. हातात कागदाची घडी. माझ्याकडे बघितलं, घडी कमरेला खोचली, चपला शोधल्या आणि बाहेर गेली.

लोक मला भेटायला आले. हवालदार, छाती लागते याला. हवालदार, मोठ्या मनाचे तुम्ही. हात मिळवून मिळवून उशीर झाला. घरी आलो तर ती ओटीवर.

"बरं वाटलं ना?" मी विचारलं. देवा, हे विचारलं मी.

"मी बोलणार व्हते आज." रडत नव्हती. "दोन म्हयने लिवलं. पाठ केलं. जनीला म्हाईत व्हतं, वाडीला म्हाईत व्हतं. ग्रामसेवक इचारल तवा उठायचं, आसं ठरलं व्हतं. मी उठलीपण. तवर तुमी सुरू झालात."

म्हटलं, पण मी तुझंच तर सांगितलं.

"माजं सांगितलंत? माजं नाव घेतलंत का एकदा तरी?"

आठवून बघितलं. पूर्ण भाषण आठवून बघितलं. मी म्हटलं होतं, ‘मी माझ्या फॅमिलीची फसवणूक केली,’ फौजेत बायकोला म्हणतात तसं. मग ‘फॅमिलीची सही’. मग परत ‘फॅमिली’. सुनंदा कुठेच नाही.

"आता गाव काय बोलतंय? हवालदार मोट्या मनाचा. माजं काय ऱ्हायलं बोलायला?"

कागद मागितला मी. वाचू दे तरी. दिला नाही.

२७ जानेवारी

सुनंदा वरच्या वाडीला गेली. पिशवीत दोन साड्या, चष्मा, गोळ्या. कुडपणला भावाकडे जाशील का विचारलं, एस.टी.वर सोडतो म्हटलं. "म्हायेरी कशाला? मी काय रुसून चाललीय?" म्हणाली. जनाबाईकडे राहणार. झऱ्याचं काम बायकांनी स्वतःच काढलंय, ग्रा.पं.ची वाट न बघता.

बंद केलेला नळ मी आज सोडला. पाणी आलं. परत बंद केला.

३१ जानेवारी

आमच्या अंगणातून जनाबाईच्या घराचे पत्रे दिसतात. सकाळी धूर दिसला की चहा झाला असं धरतो. मग मी माझा करतो. साखर किती घालते ती, इतकी वर्षं पिऊन मला ठाऊक नाही.

स्नेहल आली होती. सरपंच, पण दारात उभी राहिली. "काका, काकींचं झऱ्याचं चित्र हाय का घरात? मी सासऱ्यांना न इचारता ठराव मांडणार हाय." शोधून दिलं. सारखी झाडं काढलेलं. देताना हातातून सुटेना.

५ फेब्रुवारी

मनीषाचा फोन. आई बरी आहे म्हणाली. तिचा आईला रोज फोन असतो. "तुझ्याशी बोलते का माझ्याबद्दल?" "नाही पप्पा." पोरीनं खोटं तरी बोलायचं. पण खोट्याबद्दल मी कुणाला काय सांगणार.

वाईट याचं वाटतं की मी दोन्ही वेळा चांगलं करायला गेलो. एकदा साहेबांसाठी, एकदा तिच्यासाठी. दोन्ही वेळा तिला विचारायचं राहिलं. मला तिची आठवण येते. पायापेक्षा जास्त दुखतं. लिहून टाकलं.

११ फेब्रुवारी

वर गेलो. पहार आणि घमेलं घेऊन. चढणीला तीनदा बसलो.

झऱ्याखाली दहाबारा जणी खणत होत्या. सुनंदा गुडघाभर चिखलात, पदर खोचलेला. काळी पडलीय. बरी दिसत होती, माझ्याशिवाय बरी दिसत होती. जनाबाईनं मला अडवलं. "काय हवालदार?"

"काम करायला आलोय."

"कुणाला इचारलं?"

मी पहार खाली ठेवली. "तुम्हाला विचारतोय. येऊ का?"

जनाबाईनं कामं थांबवली. म्हणाली, हितं एकटीनं कुणी ठरवत नाय. सगळ्यांना सांगितलं, हवालदाराला कामावर घ्यायचं त्यांनी हात वर करा. मी उभा. साठीला आलो, पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर मत देत होतं. सुनंदावरही गावानं असंच मत दिलं असतं, आणि मी ते तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही.

काही हात वर आले. काहींनी नाही म्हणून मान हलवली. एका म्हातारीनं दोन्ही हात वर केले, तिला बाकीच्या ओरडल्या. सुनंदानं काहीच केलं नाही. चिखलातच उभी. माझ्याकडे नीट बघत होती. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट.

"सुनंदा, तुजं?" जनाबाई.

"माजं मी सांगन," ती म्हणाली. "आज नाय."

"मग सगळ्यांचं झाल्याबिगर आमी निकाल धरत नाय," जनाबाई मला म्हणाली. "तुमी खाली जा, हवालदार. सांगतो."

किती दिवसांत, हे मी विचारलं नाही. पहार तिथेच ठेवू का विचारलं. नको म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

सकाळपासून वर कुदळींचा आवाज आहे. बोलावणं आलेलं नाही.